दोन्ही हात मोकळे

"हात मोकळे राहतील न्हवं, आबा?"

कस्तुरानं हे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा हणमंत मिस्त्री तिच्या मांडीभोवती ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळत होते. डावा पाय गुडघ्याच्या वर कापलेला. अकरा वर्षांची पोर टेबलाच्या कडेला बसून मिस्त्रींच्या हातांकडे एकटक बघत होती.

"राहतील की. पण हातांनी करायचंय काय तुला एवढं?"

"भावाला घ्यायचाय."

तिचा बाप बिराप्पा भिंतीला टेकून उभा होता. जत तालुक्यातल्या एका वाडीवरचा मेंढपाळ. तो म्हणाला, "पाच म्हैन्याचा हाय त्यो. हिचा पाय काढला त्याच्या आदल्या आठवड्यात झाला. तवापास्नं एवढं एकच धरून बसलीया."

"बसून घेतला की त्यो रडतो," कस्तुरा मिस्त्रींना समजावू लागली. "उभं राहून घेतला की गप हुतो. आयेला सैपाक असतो, पाणी असतं. मी कुबड्या घेतल्या की दोन्ही हात गुततात. मग त्याला कशानं धरू?"

मिस्त्री हसले नाहीत. हात थांबवून त्यांनी जरा विचार केला. "बरोबर आहे. म्हणजे तुला नुसता चालायचा पाय नको. ओझं घेऊन उभा राहणारा पाहिजे. भूपाल, लिहून घे. बाळ किती वजनाचं आहे?"

बिराप्पाला ठाऊक नव्हतं. कस्तुरानं सांगितलं, "शेरडाच्या पिल्लाएवढं."

"सहा किलो लिही," मिस्त्री मला म्हणाले.

मी लिहिलं. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काम नाही.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. मी तेवीस वर्षांचा होतो. मिरजेत एका ट्रस्टच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये कृत्रिम पाय बनवायचं काम चालायचं. आयटीआय झाल्यावर चांगली नोकरी मिळेना म्हणून मी तिथं चिकटलो होतो. दोन वर्षं झाली होती, पण 'काय करतोस' असं कुणी विचारलं की मी 'फिटर आहे' एवढंच सांगायचो. पाय बनवतो म्हणून सांगायची लाज वाटायची. हणमंत मिस्त्री तिथं पंचवीस वर्षं होते. मूळचे सुतार. बोलायचे कमी, आणि एका पायाला आठ-आठ दिवस लावायचे. शेडबाहेर माणसं ताटकळलेली असायची, तरी त्यांची कानस घाईनं चाललेली मी कधी बघितली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते रजेवर जाणार होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. जाताना त्यांनी तो वाळलेला साचा माझ्या हातात दिला. वर निळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, कस्तुरा बि.

"हा प्लास्टरनं भरून घे, म्हणजे मांडीचा आकार मिळेल. मग कानशीनं सावकाश उतरव. मांडीच्या आतल्या बाजूची कड आहे ना, तिथं सगळी गंमत आहे. तिथं एक सूत जास्त राहिलं तर माणूस चालत नाही. दोनदा घालून बघ तिला. एकदात होत नाही."

"करतो, मिस्त्री."

"आणि विचार तिला. पोरं लवकर सांगत नाहीत."

ते गेले. दोन दिवसांनी कस्तुराचे कागद फायलीला लावताना इस्पितळातली चिठ्ठी माझ्या हाती आली. हाडाचा कर्करोग. फुप्फुसात उतरला आहे. अंदाजे दोन ते तीन महिने. घरच्यांच्या इच्छेखातर पाय बसवावा. म्हणजे बापाला हे माहीत होतं. माहीत असूनही तो तिला पाठीवर घेऊन एसटीनं आला होता.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण वाईट वाटून झाल्यावर मी हिशोबी डोक्यानं विचार करायला लागलो. पुढच्या महिन्यात आमचं शिबिर होतं, अडतीस पाय द्यायचे होते. आणि याच आठवड्यात गुरुवारी दुपारी तीनला मला एका साखर कारखान्यात फिटरच्या जागेसाठी मुलाखतीला जायचं होतं. दोन महिन्यांसाठी आठ दिवस घालवायचे? जी पोर तो पाय झिजवणारसुद्धा नाही, तिच्यासाठी?

मागच्या कपाटात जुने पाय असायचे. लहान झाले म्हणून पोरांनी परत केलेले. त्यातला एक सांगोल्याकडच्या एका मुलाचा होता, जवळपास मापाचा. मी तो काढला. ज्या वाटीत मांडी बसते ती थोडी मोठी होती, म्हणून आतून स्पंज चिकटवला. पट्टा नवा लावला. रंग दिला. अर्ध्या दिवसात पाय तयार झाला. मिस्त्रींनी घेतलेला साचा तसाच फळीवर राहिला.

गुरुवारी सकाळी अकराला येतो म्हणून बिराप्पानं निरोप दिला होता. एसटी बंद पडली आणि ते दीड वाजता पोहोचले. मी इस्त्रीचा शर्ट घालूनच आलो होतो. घाईघाईनं कस्तुराला पाय चढवला, पट्टा आवळला आणि दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं. दांड्या धरून ती एक फेरी गेली, आली. मग तिनं एक हात सोडला. मग दुसराही. दोन पावलं तशीच टाकली आणि बापाकडं बघितलं. बिराप्पानं डोळ्याला फेट्याचं टोक लावलं.

"टोचतंय का कुठं?" मी विचारलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाई."

"पहिले काही दिवस थोडं दुखतं. सवय होईल. रोज थोडा थोडा घालायचा."

"व्हय, दादा."

बिराप्पा वाकून माझ्या पाया पडला. मी मागे सरलो, "अहो, काय हे," म्हणालो आणि सायकल काढली. कारखान्यावर वेळेत पोहोचलो. मुलाखत सहा मिनिटांत आटोपली. माझा नंबर लागला नाही.

मिस्त्री परत आले ते एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, कानस धरायची नाही, असं बजावलं होतं. तरी आल्या आल्या ते शेडभर फिरले. फळीपाशी थांबले. तो साचा उचलून त्यांनी उघड्या डोळ्याजवळ नेला.

"हा भरलाच नाहीस?"

मी कपाटाकडं बघितलं.

"मग पोरगी काय घालून गेली?"

मी सांगितलं. कपाटातला पाय, स्पंज, नवा पट्टा. ती दांडी सोडून चालली तेही सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही हलेना तेव्हा मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही चिठ्ठी वाचली नसेल. तिला दोनच महिने आहेत."

"वाचली होती," ते म्हणाले. "माप घ्यायच्या आधीच वाचली होती."

मला वाटलं आता ते ओरडतील. त्यांनी साचा माझ्यापुढं टेबलावर ठेवला. "भर."

पुढचे आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. मी कानस मारायचो आणि मिस्त्री शेजारी स्टुलावर ताठ बसून हात पुढं करायचे. साचा त्यांच्या हातात दिला की डोळा मिटून त्यावरून बोटं फिरवायचे. "इथं." मी तिथं उतरवायचो. पुन्हा बोटं. "अजून." मला काही फरक दिसायचा नाही. चौथ्या दिवशी मी वैतागून म्हणालो, "आता काय राहिलंय?" त्यांनी माझं बोट धरलं आणि आतल्या कडेवर ठेवलं. "सावकाश ने. घाई करू नको. आता?" आणि मला लागलं ते. केसाएवढा उंचवटा. दोन वर्षं तिथं काम करून मला असं काही पहिल्यांदाच जाणवत होतं.

त्या साच्यावर बनवलेली पायाची पहिली वाटी त्यांनी नापास केली. दुसरीही केली. तिसरी हातात घेऊन बराच वेळ बसले आणि म्हणाले, "चल. देऊन येऊ."

"बोलावून घेऊ की तिला."

"तिला नको. आपण जाऊ."

जतची एसटी, तिथून दुसरी गाडी, आणि मग माळावरून दोन मैल पायी. उन्हाळ्याचे दिवस होते. पोत्यात गुंडाळलेला पाय माझ्या खांद्यावर, आणि पुढं मिस्त्री, डोळ्याला पट्टी, हातात छत्री. वाडीवर पोहोचायला बारा वाजले.

बिराप्पा मेंढरांकडं गेला होता. त्याची बायको शिवाक्का चुलीपुढून उठली, पदर सावरून तिनं घोंगडं अंथरलं. कस्तुरा आत भिंतीशी वाकळेवर बसली होती. आम्हाला बघून तिला आनंद झाला. मग ती घाबरली. मला ते स्पष्ट दिसलं. तिनं लुगड्याचा तुकडा ओढून मांडीवर घेतला.

मी दिलेला पाय तिच्या उशाशीच होता.

मिस्त्री तिच्याजवळ टेकले. "बघू दे मला, बाय."

"काय न्हाई झालं, आबा."

"बघू दे."

तिनं कापड बाजूला केलं. मांडीच्या आतल्या बाजूला, जिथं वाटीची कड येते तिथं, तळहाताएवढं कातडं गेलं होतं. खाली लाल मांस, कडेनं पू. शिवाक्कानं हळद भरली होती. वासानं मी तोंड फिरवलं.

"रोज घालत हुती," शिवाक्का म्हणाली. "नको म्हटलं तर आयकायची न्हाई. रगात याचं तरी घालायची."

"दादा म्हणला हुता न्हवं," कस्तुरा माझ्याकडं न बघता म्हणाली, "रोज थोडा थोडा घातला की सवय हुती म्हणून."

मिस्त्रींनी विचारलं, "पहिल्या दिवशी टोचलं नाही?"

"टोचलं की."

"मग दादानं विचारलं तेव्हा सांगायचं नाही?"

ती लुगड्याच्या तुकड्याचा धागा ओढत राहिली. मिस्त्री थांबले. ते किती वेळ थांबले कुणास ठाऊक, मला ते सहन होईना. शेवटी ती हळूच म्हणाली, "दादा घड्याळाकडं बघत हुता. म्हटलं, त्याला कामं असत्याल."

बाहेर झोळीत बाळ रडायला लागलं. शिवाक्का उठून गेली.

मिस्त्रींनी मला तालुक्याच्या गावी पाठवून औषध आणि पट्ट्या आणायला लावल्या. मी परत आलो तोवर चार वाजत आले होते. त्यांनी स्वतः ती जखम धुतली, आणि रोज कशी धुवायची ते शिवाक्काला दाखवलं. नवा पाय बांधता येणार नव्हता. कातडं भरून येईपर्यंत तिथं काही टेकवणं शक्य नव्हतं. आणलेला पाय त्यांनी पोत्यातून काढून कस्तुराच्या हातात दिला. तिनं मिस्त्रींसारखंच आत बोट फिरवलं.

"ह्यो गुळगुळीत हाय," ती म्हणाली.

"हा तुझ्या मापाचा आहे. जखम भरली की येतो."

जखम भरायला सतरा दिवस लागले. दर चार दिवसांनी बिराप्पा जतला येऊन दुकानातून फोन करायचा, आणि मी शेडमधून धावत ऑफिसात जायचो. सतराव्या दिवशी तो म्हणाला, "कातडं आलंय, साहेब. पर तिला आता दम लागतोय."

आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो.

अडीच आठवड्यांत पोर निम्मी झाली होती. पाठीशी दोन वाकळा घालून तिला बसवलं होतं. बोलताना मध्ये थांबायची, श्वास घ्यायची, मग उरलेलं बोलायची. पण केस नीट विंचरले होते आणि लाल रिबीन बांधली होती. आम्ही येणार म्हणून सकाळपासून तयार होऊन बसली होती.

मिस्त्री मला म्हणाले, "तू घाल."

मी वाटी चढवली. ती अशी बसली की मांडी आणि पाय यांच्यामध्ये बोट जाईना. पट्टा बांधला. मग मी खाली बसलो आणि विचारलं, "टोचतंय?"

"न्हाई," ती म्हणाली. श्वास घेतला. "ह्या खेपंला खरं सांगती."

एका बाजूनं बिराप्पा, दुसऱ्या बाजूनं मी, काखेत हात घालून आम्ही तिला उभी केली. नवा पाय जमिनीवर सरळ टेकला. तिचं वजन पायावर होतं की आमच्या हातांवर, मला कळलं नाही. आता काहीच वजन नव्हतं तिला. शिवाक्कानं बाळ आणलं आणि तिच्या कमरेवर ठेवलं. कस्तुरानं त्याला दोन्ही हातांनी धरलं.

बाळ रडत होतं. ते गप्प झालं. तिच्या रिबिनीचं टोक त्यानं मुठीत पकडलं.

"बघ," ती आईला म्हणाली. "उभं राहून घेतला की गप हुतो."

एवढंच. एक मिनिट झालं असेल, तेवढंही नसेल. मग तिला खोकला आला, ओठ निळे पडले, शिवाक्कानं बाळ उचललं आणि आम्ही तिला वाकळेवर टेकवली. पाय काढू का विचारलं तर तिनं मान हलवली. असू दे म्हणाली.

परत येताना माळावर एका बाभळीखाली मिस्त्री बसले. चालून थकले होते. त्या दिवसापर्यंत माझ्या चुकीबद्दल ते मला एक शब्दही बोलले नव्हते. मला ते बोलायला हवे होते. मी म्हटलं, "मिस्त्री, मला खरंच वाटलं, दोन महिन्यांसाठी कशाला..."

"माहीत आहे तुला काय वाटलं ते."

छत्रीच्या टोकानं ते मातीत रेघा मारत राहिले.

"हे बघ, भूपाल. एखाद्या धडधाकट माणसाचा पाय माझ्याकडून चुकला, तर तो शिव्या देतो. पुढच्या महिन्यात येतो, मी दुरुस्त करून देतो. त्याचं काही जात नाही. चुकायची सोय असते तिथं." त्यांनी रेघा पायानं पुसल्या. "हिच्याकडं पुढचा महिनाच नव्हता. म्हणून हिचा पहिल्यांदाच बरोबर यायला पाहिजे होता."

मी तोंड झाकून रडायला लागलो. त्यांनी मला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही, समजूत घातली नाही. माझं रडून झाल्यावर म्हणाले, "साचा घेऊन तुझ्यावर टाकून गेलो, ती माझी चूक. ऑपरेशन पंधरा दिवस पुढं ढकलता आलं असतं. चल, गाडी चुकेल."

कस्तुरा त्यानंतर नऊ दिवसांनी गेली. बिराप्पाचं कार्ड आलं, कुठल्या तरी मास्तरांच्या अक्षरात. मिस्त्रींचा डोळा अजून पुरता सुधारला नव्हता, म्हणून मीच वाचून दाखवलं. तिला माळावर पुरलं. नवा पाय तिच्यासोबतच दिला, तिनं तसं सांगितलं होतं. पुढं लिहिलं होतं, 'पहिला पाय आमच्याकडे आहे. चांगला आहे. कोणा गरिबाच्या लेकराला उपयोगी पडेल, तरी माणसाबरोबर पाठवीत आहे. भूपाल साहेबांनी आमच्या मुलीसाठी दोन दोन पाय केले. आपले उपकार विसरणार नाही.'

ते शेवटचं वाक्य मला वाचता येईना. दोनदा सुरुवात केली. मिस्त्रींनी कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि खिशात ठेवलं. शेडच्या पत्र्यावर कावळे नाचत होते.

मग मिस्त्री म्हणाले, "बाहेर कोण बसलंय बघ."

मी बाहेर गेलो. बाकावर साठीची एक बाई बसली होती. ऊसतोडीला जाणारी, उजवा पाय गाडीखाली गेलेला. जुना पाय काढून तिनं मांडीवर घेतला होता. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, "मावशी, कुठं दुखतंय?"

"काय न्हाई, बाबा, चालतंय असंच," ती म्हणाली.

मी उठलो नाही. ती पुढचं सांगेपर्यंत तिथंच बसून राहिलो.